मिरजेचा सूर आणि मिरजेचा श्रोता

ज्ञातिसंस्थेची स्मरणिका उघडली की तिच्यात प्रथम दृष्टीस पडतात ती समाजातील कर्तबगार माणसांची नावे. कोणी परीक्षेत यश मिळविले, कोणी व्यापारात नाव काढले, कोणी देणगी देऊन विद्यार्थ्यांची सोय केली, या सर्वांची नोंद व्हावी हे युक्तच आहे. परंतु काही कामे अशी असतात की ती करणाऱ्यांची नावे कोणत्याच वहीत उतरत नाहीत. मैफलीत गाणारा एक असतो, साथीला तिघे-चौघे असतात आणि ऐकणारे शेकडो असतात. गाणाऱ्याचे नाव पुढच्या पिढ्यांस ठाऊक राहते. ऐकणाऱ्यांचे नाव मैफल उठली की जाजमाबरोबर गुंडाळले जाते.

आपल्या समाजाची जी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मिरजेत नांदली त्यांतून एखादा थोर गवई निपजला, असे आम्हांस म्हणता येत नाही. दुकानदार, शिक्षक, कारकून, रेल्वेतील नोकर अशीच आपली बहुतेक मंडळी. मात्र दिवसाचे काम आटोपून रात्री गाण्यास जाऊन बसणे, आवडत्या रागाची वाट पाहणे आणि पहाटे घरी परतून पुन्हा वेळेवर कामास लागणे, हा क्रम या मंडळींनी वर्षानुवर्षे चालविला. गावावरील त्यांचे प्रेम या गाण्याच्या प्रेमातून वेगळे काढता येत नसे. मिरज म्हणजे काय, असे त्यांस विचारले असता ती किल्ल्याचे वा पेठेचे वर्णन करीत बसली नसती. अमक्या रात्री अमक्याचे गाणे कसे झाले, हेच सांगू लागली असती. या श्रोत्यांच्या गावाचा इतिहास सभासद कुटुंबांसमोर मांडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

मिरज हे महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या शिवेवरचे गाव. कृष्णा नदी जवळ, सांगली दोन-तीन कोसांवर, कोल्हापूर फारसे दूर नाही. बाजारात मराठी, कानडी आणि दख्खनी या तिन्ही बोली कानांवर पडतात. पेशवाईपासून येथे पटवर्धन घराण्याची सत्ता होती आणि १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत ती टिकली. पुण्याहून दक्षिणेस जाणारा लोहमार्ग येथून गेला, १८९१ साली कोल्हापूरचा फाटा सुरू झाला आणि मिरज जंक्शन बनले. मुंबई-पुण्याहून धारवाड-हुबळीकडे जाणाऱ्या माणसास मिरज टाळता येत नसे. व्यापारी येथे उतरत, रुग्ण उतरत, नाटक मंडळ्यांचे पडदे आणि पेट्या उतरत, आणि त्यांच्याबरोबर गवईही उतरत. उत्तरेची गायकी ज्या वाटेने खाली कर्नाटकापर्यंत पोहोचली त्या वाटेवरचे हे ठाणे होय.

या ठाण्यावर प्रथम मोठे बस्तान बसले ते ग्वाल्हेरच्या गायकीचे. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी मोठे कष्ट सोसून ग्वाल्हेर परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांजकडून विद्या संपादन केली आणि ती महाराष्ट्रात आणून रुजविली. महाराष्ट्रात ख्यालगायनाचा जो विस्तार पुढे झाला त्याच्या मुळाशी बुवांचे हे कार्य आहे. मिरजेचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने बुवा काही वर्षे मिरजेत राहिले. राजाश्रय होता म्हणून शिष्यांच्या दोन घासांची सोय झाली आणि ती झाली म्हणूनच विद्या पुढच्या हातांत गेली.

त्या शिष्यांत कुरुंदवाडचा एक मुलगा होता. विष्णू दिगंबर पलुस्कर हे त्याचे नाव. त्याचा जन्म १८७२ चा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्याच्या डोळ्यांस इजा झाली आणि उपचारासाठी त्यास मिरजेस आणण्यात आले. दृष्टी पूर्ववत होईना, शालेय शिक्षण पुढे चालणे अशक्य झाले. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टर भडभडे यांनीच मुलाचा गळा पाहून त्यास संगीत शिकवावे असे सुचविले. मुलगा बाळकृष्णबुवांकडे राहिला आणि अनेक वर्षे त्याने तेथे तालीम घेतली. हेच पुढे ज्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते पंडित विष्णू दिगंबर. डोळ्यांचा वैद्य आपला उपाय थकल्यावर रुग्णास गाण्याचा उपाय सांगतो, हे त्या काळच्या मिरजेत घडू शकत होते. या डॉक्टरांना आम्ही मिरजेच्या श्रोत्यांत अग्रस्थान देतो. त्यांनी जर मुलाचा गळा ऐकलाच नसता, तर पुढचा सारा इतिहास निराळा झाला असता.

विष्णू दिगंबरांनी १८९६ साली मिरज सोडली. एका समारंभास त्यांना निमंत्रण आले, परंतु त्यांच्या गुरूंस आले नाही. गवई कितीही मोठा असला तरी प्रतिष्ठितांच्या पंक्तीत त्यास स्थान नाही, हे त्यांच्या मनास लागले, अशी हकीकत त्यांच्यासंबंधी सांगण्यात येते. ज्या गावाने गवयाला पोसले त्याच गावात गवयाला उणे लेखले जात होते. गावावर प्रेम करणाऱ्याने गावाचे हेही अंग झाकून ठेवू नये. मिरजेत मिळालेली विद्या आणि मिरजेत दिसलेली गवयाची अप्रतिष्ठा, या दोन्ही गोष्टी विष्णू दिगंबरांनी बरोबर नेल्या. संगीत दरबारातून बाहेर काढून शाळेत, तिकिटाच्या जलशात आणि सभ्य गृहस्थांच्या घरांत नेण्याचा जो ध्यास त्यांनी पुढे घेतला, त्याचे एक बीज या अनुभवात असावे असे आम्हांस वाटते. आयुष्याच्या अखेरीस ते आजारी होऊन पुन्हा मिरजेसच आले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी येथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्याच शिष्यवर्गातील पंडित विनायकराव पटवर्धन यांचा जन्म १८९८ साली मिरजेचा.

बाळकृष्णबुवांच्या परंपरेचा आणखी एक धागा मिरजेतून कर्नाटकात गेला. त्यांचे शिष्य नीळकंठबुवा आलूरमठ मिरजेस राहत. धारवाडकडील एक मुलगा नाटक मंडळीत गात असता बुवांच्या कानांवर त्याचा गळा पडला आणि त्यांनी त्यास शिष्य केले. तो मुलगा म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. पुढे मन्सूर जयपूर-अत्रौली गायकीचे श्रेष्ठ गायक म्हणून प्रसिद्धीस आले, तरी त्यांच्या गाण्याचा पाया ग्वाल्हेरचा होता आणि तो मिरजेत घातला गेला होता.

गवई कितीही मोठा असो, तंबोरा सुरात बोलत नाही तोवर त्याचा पहिला षड्ज लागत नाही. आणि तंबोऱ्याचा विषय निघाला की मिरजेचे नाव निघालेच पाहिजे. या कलेचा उगम एका अस्ताला चाललेल्या धंद्यातून झाला. शिकलगार समाज पूर्वी तलवारी, भाले आदी शस्त्रे घडवी आणि त्यांस पाणी व धार देई. इंग्रजी अंमल स्थिरावला, लढाया संपल्या आणि शस्त्रांची मागणी सरली. हाती कसब आणि घरात उपासमार, असा प्रसंग ओढवला. अशा वेळी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, शिकलगारांपैकी फरीदसाहेब आणि त्यांचे आप्त तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे निर्मितीकडे वळले. त्यांस पटवर्धन संस्थानिकांचे आणि गावात येणाऱ्या गवयांचे उत्तेजन मिळाले. लोक त्या घराण्यांना सतारमेकर म्हणू लागले आणि त्यांच्या वस्तीस सतारमेकर गल्ली हे नाव पडले.

तंबोरा कसा होतो हे आपल्या मुलांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. त्याचा भोपळा खाण्याचा नसतो. तो कडू, जाड सालीचा आणि मोठ्या घेराचा असून पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमाकाठच्या शेतांतून येतो. तो अनेक महिने वाळवितात, मग पाण्यात भिजवून, तोंड कापून, आतून काटक्यांचा आधार देऊन त्यास इष्ट आकार आणतात. गळा, दांडी आणि तबली यांकरिता तुणीचे लाकूड वापरतात. जोड बसविणे, नक्षी करणे, लाखेचे रोगण चढविणे, खुंट्या व तारा लावणे असे एकामागून एक संस्कार होतात. पुरुषांच्या आवाजासाठी तंबोरा मोठा, स्त्रियांच्या आवाजासाठी लहान.

हे सर्व झाले तरी वाद्य अजून मुकेच असते. त्यास वाचा फुटते ती जवारीने. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्यास अतिशय सूक्ष्म उतार द्यावा लागतो. कारागीर कानसीने थोडे घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. केसाएवढे अधिक घासले गेले तर सारे श्रम वाया. उतार नेमका साधला आणि तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकला की तार एकटी न वाजता तिच्यातून अनेक स्वर उमलू लागतात आणि खोली भरून जाते. धारेचा हात आता जवारीच्या कामी आला. शस्त्राची कड पारखणाऱ्या बोटांनी घोडीचा माथा पारखला, आणि जोडीला कानास नवे शिक्षण दिले. जवारी लावणारा कारागीर हा स्वतः गात नसला तरी गावातील अत्यंत कसलेला श्रोता असतो, कारण त्याची भाकरीच त्याच्या ऐकण्यावर अवलंबून असते.

आजारी माणसांना बरे करणारे गाव म्हणूनही मिरजेची ख्याती आहे आणि संगीताच्या इतिहासाशी या ख्यातीचा संबंध विष्णू दिगंबरांपुरता मर्यादित नाही. कॅनडातून आलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उघडले आणि दूरदूरचे रुग्ण मिरजेकडे येऊ लागले. सांगली जिल्ह्यातील नागठाणे येथे १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस, ज्यांस सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो, त्यांना कानाचे दुखणे होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांस उपचारार्थ मिरजेस पाठविले. किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम तेव्हा मिरजेतच होता. भाऊराव कोल्हटकरांच्या निधनानंतर मंडळीला स्त्रीभूमिकांसाठी तशा तोलाच्या गात्या नटाची उणीव भासत होती. १९०५ साली मिरजेच्या हंसप्रभा नाट्यगृहात हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला होऊन रंगभूमीवर उभा राहिला आणि मराठी नाट्यसंगीताच्या एका युगाचा आरंभ झाला. या घटनेची स्मृती म्हणून मिरजेतील नाट्यगृहास बालगंधर्वांचे नाव देण्यात आले आहे. त्या रात्री नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकांना आपण इतिहास पाहत आहोत हे कळले नसेल. परंतु गळा कळला असणार. त्या मुलास प्रथम पसंतीची पावती देण्याचा मान मिरजेच्या श्रोत्यांचा आहे.

आता ज्या नावाशिवाय मिरजेच्या संगीताची कथा पुरी होऊ शकत नाही त्या नावाकडे वळू. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तरेतील कैराना येथे झाला. विष्णू दिगंबरांचेही जन्मवर्ष तेच. बडोद्याच्या दरबारातून निघून ते या बाजूस आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने सारा मुलूख हैराण केला असता ते मिरजेत आजारी पडले, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात आश्रयास राहिले आणि तेथे त्यांस आराम पडला, अशी कथा मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पुढे त्यांनी मिरजेस आपले घर केले आणि दर्ग्याच्या उरुसात गाऊन सेवा करण्याचा नेम ठेवला. डोळ्यांसाठी आलेले विष्णू दिगंबर, कानांसाठी आलेले बालगंधर्व आणि साथीच्या दिवसांत आसरा घेणारे खाँसाहेब, तिघेही मिरजेस प्रथम काही व्याधी घेऊन आले, हा योग विलक्षण खरा. गावाने त्यांना औषध दिले, आसरा दिला, आणि त्यांचे ऐकून घेतले. उपचार आणि श्रवण या दोहोंसही अंगी सारखाच धीर लागतो, असे आम्हांस वाटते.

खाँसाहेबांचे गाणे मुख्यतः आलापीचे. एकेक स्वर ते असा लावीत की त्यास कोठेही धक्का लागू नये. तंबोऱ्याची जवारी आणि वाद्यांची दुरुस्ती यांत ते स्वतः निष्णात होते. गवई आणि कारागीर यांची अशी गाठ पडल्यावर कारागिराचे मापच बदलते. बरे वाजते तेवढ्यावर त्याचे समाधान होईनासे होते. मिरजेच्या तंबोऱ्यास देशभर जो मान मिळाला त्यात अशा चोखंदळ गवयांच्या मागणीचाही वाटा आहे. श्रुतींच्या संशोधनात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी जे परिश्रम केले त्या कामी खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व हे कुंदगोळचे. त्यांच्याकडून ही गायकी गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांजकडे गेली. खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका ऐकून बालवयातील भीमसेनांना गाण्याचे वेड लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. खाँसाहेबांचे पुत्र सुरेशबाबू माने यांनी अनेक शिष्य घडविले. कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेचा. कुलीन स्त्रीने जाहीर मैफलीत बसून गाऊ नये असा ज्या काळचा समज होता त्या काळात हिराबाईंनी आपल्या शालीन गाण्याने तो समज मोडून काढला. ज्या वर्षी मिरजेत बालगंधर्व प्रथम रंगभूमीवर आले त्याच वर्षी हिराबाईंचा जन्म व्हावा, हा योगायोग मिरजकर श्रोता कौतुकाने सांगतो.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता खाँसाहेबांस प्रवासात अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्थानकावर ते उतरले, फलाटावर बिछाना घालून बसले, तंबोरा जुळवून घेतला, दरबारी रागात प्रार्थना म्हटली आणि तेथेच त्यांनी प्राण ठेवला. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यास चिरविश्रांती देण्यात आली. तेव्हापासून उरुसाच्या दिवसांत त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्ररात्र गाणे होते. आवारातील चिंचेच्या झाडाखाली बैठक मांडली जाते. थोरामोठ्या गायक-वादकांनी येथे येऊन हजेरी लावली आहे. हजेरी हाच शब्द येथे रूढ आहे आणि तो अर्थपूर्ण आहे. अन्यत्र गवई कार्यक्रम करतो. येथे तो हजेरी लावतो.

या उरुसाची आणखी एक रीत स्मरणिकेच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. दर्ग्यास जो पहिला मानाचा गलेफ चढतो तो चर्मकार समाजाचा. ज्या समाजाला गावोगावच्या देवळांची दारे बंद होती त्या समाजाचा येथे पहिला मान आहे आणि तो परंपरेने चालत आला आहे. नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो आणि तेथे जमणाऱ्या श्रोत्यांत दर्ग्यातील चिंचेखाली बसणारी माणसेही असतात. देऊळ आणि दर्गा ही दोन स्थाने निराळी. रागदारी ऐकणारा कान एकच.

आपण ज्ञातिसंस्था चालवितो. आपल्या माणसांची मोजदाद करणे, त्यांच्या अडीअडचणीस धावणे, हे आपले कर्तव्य आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु मिरजेचे संगीत कोणत्या ज्ञातीचे, असा हिशेब मांडू गेले तर काय दिसते? गायकी आणली ब्राह्मण बुवांनी, ती कर्नाटकात पोहोचविली जंगम स्वामींनी, सूर दिला कैरान्याच्या खाँसाहेबांनी, तंबोरे केले शिकलगारांनी, भोपळे पिकविले भीमाकाठच्या शेतकऱ्यांनी, उरुसाचा पहिला मान चर्मकारांचा आणि आजारी नटाच्या कानावर उपचार करणारे रुग्णालय उघडले परदेशी मिशनऱ्याने. यांतील एकही वाटा काढून घेतला तर इमारत खचते. आपल्या समाजाने आपला वाटा म्हणून जाजमावरची जागा भरली. ती सर्वांत साधी खरी. परंतु ती रिकामी राहिली असती तर व्यासपीठावरची जागाही फार दिवस भरलेली राहिली नसती.

श्रोता म्हणजे नुसता बसलेला माणूस नव्हे. आमच्या मागील पिढीतील मंडळींस स्वरलिपी येत नव्हती. कित्येकांस रागाचे आरोह-अवरोहही सांगता आले नसते. तरीही तंबोरा उतरला की त्यांची मान आपोआप वर होई. नवखा गायक भ्याला तर त्यास धीर येईल अशी दाद कोठे द्यावी आणि नावाजलेला गवई केवळ टाळीसाठी तान मारू लागला तर हात आवरून कोठे बसावे, हे त्यांस समजत असे. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गल्ल्यापाशी आणि फलाटावर त्याच गाण्याची चर्चा चाले. हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नव्हते. वडिलांच्या मांडीवर पेंगत मूल अर्धे गाणे ऐके आणि अर्धे झोपेत ऐके. दहा-पंधरा वर्षांत त्याचा कान तयार होई. गाव संगीताचे होते ते असे, अनेक घरांतून आणि फार हळूहळू.

हे सर्व आपोआप टिकेल असे मात्र समजू नये. २००९ साली गणेशोत्सवाच्या काळात मिरजेत दंगल उसळली आणि तिची झळ सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोहोचली. ज्या गावात देवळाचे व दर्ग्याचे श्रोते एक होते त्याच गावातील रस्ते निर्मनुष्य झाले, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. गाणे दंगल थांबवू शकते, असा भोळा दावा आम्ही करणार नाही. परंतु ज्यांनी रात्र-रात्र एका जाजमावर बसून एकाच समेवर मान हलविली आहे, त्यांस एकमेकांविषयी वाटेल ते खरे मानणे थोडे जड जाते, एवढे आम्ही निश्चित म्हणू. असे जाजम पसरलेले राहणे ही म्हणूनच केवळ रसिकांची हौस नसून गावाची गरज आहे.

दुसरे संकट अधिक शांतपणे आले आहे. गेल्या काही दशकांत विजेवर चालणारा तंबोरा आला आणि आता तर खिशातील भ्रमणध्वनीत तंबोरा मिळतो. विद्यार्थ्यास त्याची सोय होते, प्रवासात तो उपयोगी पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जे हात महिनोन्‌महिने एका भोपळ्यावर राबतात त्यांच्या मुलांनी याच धंद्यात राहावे कशासाठी, हा प्रश्न सतारमेकर गल्लीतील घराघरांत उभा आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेच्या नावावर अन्यत्र केलेले वाद्य विकले जाऊ नये यासाठी त्या मानांकनाचा आधार होईल आणि कारागिरांच्या नावास शासनाची मुद्रा लाभली, याचा प्रत्येक मिरजकरास आनंद आहे. तथापि मुद्रा नाव राखते. कसब राखण्यास गिऱ्हाईक लागते आणि गिऱ्हाईक तयार होण्यास आधी तयार कान लागतो. भ्रमणध्वनीतील तंबोरा आणि लाकडाचा तंबोरा यांतील भेद ज्यास ऐकूच येत नाही तो दुसऱ्याचे मोल का देईल? म्हणजे प्रश्न पुन्हा श्रोत्यापाशीच येऊन थांबतो.

यास्तव आपल्या सभासद कुटुंबांना आमची काही नम्र विनंती आहे. दर्ग्याच्या उरुसातील संगीतसभेची आणि अंबाबाईच्या नवरात्रातील कार्यक्रमांची एक तरी रात्र मुलाबाळांसह ऐकावी. मुले पेंगली तर पेंगू द्यावी. त्याने काही बिघडत नाही. सुटीत पुण्या-मुंबईहून नातवंडे आली म्हणजे त्यांना सतारमेकर गल्लीत न्यावे, जवारी लावणाऱ्या कारागिरासमोर घटकाभर गप्प बसवावे आणि त्याचा वेळ घेतल्याबद्दल त्याचे आभार मानण्यास शिकवावे. ज्यांच्या घरी वडिलार्जित तंबोरा गवसणीत पडून आहे त्यांनी तो बाहेर काढून दुरुस्त करून घ्यावा. तंबोऱ्याला तारा नसल्या की तो नुसता भोपळा आणि लाकूड. आणि घरातील वृद्धांनी कोणाचे गाणे कोठे, कोणत्या प्रसंगी ऐकले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. गवयांची चरित्रे पुष्कळ झाली. श्रोत्यांच्या आठवणी मात्र माणसाबरोबर जातात, आणि प्रतिवर्षी अशा काही आठवणी आपण गमावीत आहोत. मंडळाच्या पुढील स्मरणिकेत अशा आठवणींसाठी काही पाने राखून ठेवता येतील, अशी आम्हांस आशा आहे.

आपल्या समाजाच्या कीर्तिमंत पुरुषांच्या यादीत पुढे कधी एखाद्या गवयाचे नाव येईल तर आम्हांस अतीव संतोष होईल. परंतु ते न आले तरी आपण मिरजेच्या या वारशाचे परके ठरत नाही. येथील गाणे ज्यांच्यासाठी झाले त्यांची आपण मुलेबाळे आहोत. ती जागा वाडवडिलांनी आपल्यासाठी राखून ठेवली आहे. पुढच्या उरुसात तेथे जाऊन बसण्याचे काम आपले आहे.